कारणाचा रकाना

रजिस्टरात सात रकाने.
सहा भरायला वेळ लागत नाही:
तारीख, नाव, बापाचं नाव, वय, जात, पेठ.
सातवा कारणाचा. तिथे मी लिहितो, ताप.
त्या उन्हाळ्यात एका पानावर एकवीस ओळी
आणि एकवीस वेळा ताप.
टाकाची निब एका अंगाला झिजली.

सांगणारे सांगतात आपापल्या भाषेत.
साखर पेठेतले मागवाले म्हणतात जरम,
बाळीवेशीतले म्हणतात ज्वरा,
बेगम पेठेतला दस्तगीर म्हणाला बुखार, आणि उगाच हसला;
दोन पोरं एका खाटेवर नेली होती त्याने.
मी सगळ्यांचं मराठी करतो.
ते काम मला येतं.

गाठीच्या तापाची सालं वेगळी होती.
तेव्हा कारण लपवायचे लोक.
काखेत गाठ म्हणजे घराची कौलं उतरणार,
भिंतींना चुना, बिऱ्हाड माळावरच्या झोपड्यांत.
एकाने बायकोला टांग्यात बसवून नेलं,
डोक्यावर पदर, मेलेली,
जकात नाक्यावर नाकेदाराने विचारलं,
बाई बोलत का नाहीत?
तो म्हणाला, रुसलीय.
मला हे त्यानेच सांगितलं, सही करताना.
कारण: ताप.

यंदा उंदीर पडले नाहीत.
यंदा नुसती लेकरं.

बुक्कव्वा सुईण आली शनिवारी,
मिलचा दुपारचा भोंगा होऊन गेल्यावर.
सोबत चिलका राजमल्लू, बोटं नखांपर्यंत निळी,
हात रिकामे,
पण काहीतरी धरल्यासारखे वाकलेले.
नाव मल्लेशम. आठ महिने.
मी टाक बुडवला
तोच तिने रकान्यावर बोट ठेवलं.

"ताप नगा लिवू. ताप न्हवताच.
पोरगं थंडगार होतं ओ.
चिमटीत धरलेलं कातडं तसंच उभं ऱ्हायचं.
नीळ्ळु लिवा. पाणी."

मी म्हटलं, पाण्याने मरतात ते बुडून.

"बुडालंच की. आतनं."

मग कनवटीतून तिने सूत काढलं,
लाल, पक्क्या रंगाचं, हातभर, गाठी मारलेलं.
साधी गाठ म्हणजे जन्म.
दुहेरी म्हणजे गेलं.
"हिकडची आडाचं पाणी पिणारी,
हिकडची नळाचं. बगा चाचपून."
कापडाचा व्यापारी पोत बघतो तसं मी
डोळे मिटून बोटं फिरवली.
एका टोकाला बोट सरकत गेलं.
दुसऱ्या टोकाला अडखळत राहिलं,
अकरा वेळा.
आमच्या हापिसात इतकं स्वच्छ रजिस्टर नव्हतं.

राजमल्लू एवढंच म्हणाला,
आड आमच्या आज्यानं खणलाय.
मी लिहिलं: पाणी.

सोमवारी हेल्थ ऑफिसरांनी पान उलटलं.
तांबड्या शाईची एक रेघ, वर सुबक अक्षरात, ताप.
"पाणी हे कारण यादीत नाही."
खरं होतं ते.
यादी भिंतीवरच होती, छापील, बत्तीस कारणांची,
मीच चिकटवलेली, मागाची खळ लावून.
साहेब वाईट नव्हते. थकले होते.
लालसाब शिपायाने आणलेला पेला
त्यांनी तोंडाशी नेला, क्षणभर थांबले,
आणि प्यायले.

पुढे मी ताप लिहीत गेलो.
आडावर झाकण बसलं, पण ते फार उशिरा,
आणि कुणाच्या अर्जावरून, ते मला ठाऊक नाही.

वर्षअखेरीस रजिस्टर शिवावं लागतं.
सरकारी दोरा असतो, पांढरा, मेण लावलेला.
मी बुक्कव्वाच्या दारात गेलो, ते सूत मागितलं.
काय करता, असं तिने विचारलं नाही.
"तोडू नगा," म्हणाली,
आणि त्या महिन्याच्या गाठी मारून दिलं.

गाठी सुईच्या भोकातून जाईनात.
चांभाराकडची आरी आणली,
आणि एकेक भोक मोठं करत बसलो
दिवेलागणीपर्यंत.